पश्चिमेची भिंत

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जळगाव-धुळ्याच्या बरोबर डोक्यावर येतो. दोन्ही शहरं 21 अंश अक्षांशाच्या आसपास वसलेली आहेत. त्यामुळे उत्तरेकडे सरकणारा सूर्य या दिवसांत एकदा आणि परतीच्या वाटेवर जुलैच्या मध्यात पुन्हा एकदा इथल्या छतांवर काटकोनात तळपतो. जुलैत ढग आडवे येतात. मेमध्ये काहीच आडवं येत नाही. पारा 44-45 अंशांवर गेला तरी इथे कुणी दचकत नाही. अशा मुलखात घराची अंतर्गत सजावट पडद्यांच्या रंगापासून सुरू होऊ शकत नाही. ती सुरू होते छतापासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून.

पुढची पानं खानदेशातल्या गृहसजावटीविषयी आणि ते काम करणाऱ्या स्थानिक इंटिरिअर डिझायनरविषयी आहेत. हा माणूस (आणि अनेकदा ही बाई) मोठ्या शहरांच्या नजरेत फारसा येत नाही. चकचकीत मासिकांत छापून येणारी घरं बहुतेक मुंबई-पुण्याची असतात. समुद्राकडे उघडणारी खिडकी, तेविसाव्या मजल्यावरचा दिवाणखाना. धुळ्याच्या देवपुरातला दोन मजली बंगला किंवा जळगावच्या पिंप्राळ्याच्या बाजूचा तीन खोल्यांचा फ्लॅट त्यांत सहसा दिसत नाही. पण एका कुटुंबाच्या आयुष्याची बचत त्या फ्लॅटमध्ये ओतलेली असते, आणि तो राहण्याजोगा करून देणाऱ्याचं काम तितकंच जोखमीचं असतं.

जोखमीचं म्हणायचं कारण कायद्यातही आहे. 1972च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही पदवी नोंदणी केलेल्यांपुरती राखून ठेवली. इंटिरिअर डिझायनरला तसं कायद्याचं कवच नाही. त्याच वर्षी, 1972 मध्ये, या व्यावसायिकांची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिरिअर डिझायनर्स ही संघटना उभी राहिली, पण ती संघटना आहे, परवाना देणारी यंत्रणा नव्हे. म्हणजे पाटी कुणीही लावू शकतो. जिल्ह्याच्या गावात ही पाटी टिकते ती एकाच गोष्टीवर: आधी केलेलं घर पाच उन्हाळ्यांनंतर कसं दिसतं आणि तिथली माणसं त्याबद्दल काय बोलतात यावर. इथे ग्राहकाचे नातलग त्याच गल्लीत राहतात, त्याच लग्नांना जेवतात. दाराचा फुगलेला पल्ला चार गावांत माहीत होतो.

खानदेशाला घर आतून कसं असावं हे कुणी नव्याने शिकवायची गरज एके काळी नव्हती. तापी, गिरणा आणि पांझरेच्या खोऱ्यांतलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर. जाड मातीच्या भिंती, सागाचे किंवा निंबाचे खांब, त्यांवर सर (आडव्या तुळया), सरांवर कड्या आणि फळ्या. फळ्यांवर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या, निंबाचा पाला, आणि त्यावर चोपून बसवलेला मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी या धाब्यावर खारी माती टाकायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. जळगावला वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पाऊस होतो, धुळ्याला त्याहूनही कमी. कोकणात हेच छत एका आषाढात वाहून गेलं असतं. इथे ते पिढ्यान् पिढ्या टिकलं.

धाब्याचं खरं मोल त्याच्या जडपणात होतं. फूटभर मातीचा थर दुपारची उष्णता शोषून घेतो आणि ती खाली पोचायला आठ-दहा तास लावतो. तोवर रात्र झालेली असते, दारं उघडलेली असतात, घरातली माणसं धाब्यावर झोपायला गेलेली असतात. आजचा पाच इंची काँक्रीटचा स्लॅब तीच उष्णता तीन-चार तासांत खाली देतो. संध्याकाळी माणसं कामावरून परततात नेमकी तेव्हाच छत तापलेलं असतं, आणि मध्यरात्रीपर्यंत ते ऊब सोडत राहतं. खानदेशात गेल्या दोन पिढ्यांत मातीची घरं पक्की झाली, वाळवी आणि गळतीपासून सुटली, बायकांची सारवणाची पाठमोड थांबली. हे सगळं चांगलंच झालं. पण त्या बदलात छताचं शहाणपण हरवलं. आजच्या डिझायनरचं निम्मं काम ते वेगळ्या सामानाने परत आणण्याचं आहे.

जुन्या घराचं आतलं रूप पाहायचं असेल तर जुन्या जळगावात चौधरी वाड्यात जावं. बहिणाबाई चौधरींचं (1880-1951) घर तिथे संग्रहालय म्हणून जपलं आहे. असोद्याला जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही शेतकरीण ज्या वस्तूंमध्ये वावरली त्या वस्तू तिथे आहेत: जातं, स्वयंपाकाची भांडी, शेतीची अवजारं. मराठी वाचक तिथे कवितेच्या ओढीने जातो, आणि ते योग्यच आहे. डिझायनरने मात्र तिथे आणखी एक गोष्ट पाहावी. अशा घरात प्रत्येक वस्तूची जागा ती वापरणाऱ्या शरीराच्या मापाने ठरलेली असे. जात्याभोवती पाय पसरून बसायला जागा, हात पोचेल तिथे कोनाडा, पाण्यासाठी घडवंची. सजावट म्हणून वेगळं काहीच नसे, आणि तरी खोली उघडीबोडकी वाटत नसे.

धुळ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. 1818 नंतर खानदेश इंग्रजांकडे आला, कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळं हे जिल्ह्याचं ठाणं केलं आणि 1819च्या सुमारास पेठ आखून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना वसायला बोलावलं. सरळ रस्ते, समांतर गल्ल्या. आजही धुळेकर पत्ता सांगतो तो गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा असाच. अशा आखीव पेठेत घरं एकमेकांना खेटून उभी राहतात: रस्त्याला तोंड अरुंद, आत लांबच लांब. पुढच्या खोलीत उजेड, मागच्या खोलीत उजेड, मधल्या खोलीत दिवसाही दिवा. तिथल्या डिझायनरला पहिला प्रश्न सोडवावा लागतो तो या मधल्या खोलीचा. जिन्याच्या डोक्यावरचा पत्रा काढून काच बसव, दोन खोल्यांमधल्या भिंतीला वरच्या बाजूला जाळी ठेव, कपाटं छतापर्यंत न नेता दीड फूट खाली थांबव म्हणजे उजेड वरून पलीकडे जाईल. असं काम फोटोत दिसत नाही. त्या घरातल्या आजीला सुईत दोरा ओवता येतो, तेव्हा ते कळतं.

स्थानिक सामानातून देखणी वास्तू उभी करण्याचा एक मोठा प्रयोग या मातीत फार पूर्वी झाला आहे, आणि तो इथल्या डिझायनरांनीही पुरेसा आठवलेला नाही. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या आग्रहावरून त्या ‘टिळकनगरा’च्या सजावटीसाठी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले. अट सरळ होती: गावात आणि आसपास मिळेल त्याच सामानातून आणि खेड्यातल्या कारागिरांच्या हातून सगळं व्हावं. बांबू, चटया, माती, गवत. हजारो माणसं राहतील, बसतील, ऐकतील असं नगर त्यातून उभं राहिलं. पुढे 1938च्या हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदलालबाबूंनी केलेली चित्रं जगप्रसिद्ध झाली. ते हरिपुराही गुजरातेत तापीच्याच काठी आहे. फैजपूरची रचना तात्पुरती होती, ती काळाबरोबर विरली. पण भारतातल्या एका थोर चित्रकाराने केळीच्या आणि कपाशीच्या या पट्ट्यात येऊन जवळचं सामान हाती घेतलं, ही घटना जळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक डिझाइनच्या वर्गात सांगितली गेली पाहिजे.

आज सामान जवळचं राहिलेलं नाही, आणि त्यात रडण्यासारखं काही नाही. धुळं हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन मोठ्या महामार्गांच्या चौकात बसलेलं शहर. जळगावला रेल्वेची साथ. मोरबीच्या टाइल्स, कोटा, कडप्पा, यमुनानगरचा प्लायवूड, सुरतेचं पडद्यांचं कापड, सगळं वेळेवर येतं. सुतार बहुधा राजस्थानी असतो, आणि होळीला तो गावी जाणार हे गृहीत धरूनच कामाचं वेळापत्रक बांधावं लागतं. काही सामान मात्र इथलंच आहे. पाइप आणि ठिबकसाठी जगभर माहीत असलेल्या जळगावच्या जैन उद्योगसमूहाने पीव्हीसीच्या फोमशीटही बनवल्या. न्हाणीघराची दारं, सिंकखालचे पल्ले, जिथे पाणी लागतं आणि प्लाय फुगतो तिथे या शीटचा उपयोग होतो. वाळवीला त्यात खायला काही नसतं. जळगावच्या एमआयडीसीत विणल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या चटया देशभर जातात आणि उन्हाळ्यात इथल्याच गच्च्यांवर अंथरल्या जातात.

आता पश्चिमेच्या भिंतीकडे येऊ. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो, कारण उन्हाळ्यात दुपारी सूर्य उंच असतो. पश्चिमेला छज्जा निकामी ठरतो. दुपारी चारनंतर ऊन आडवं येतं आणि थेट पलंगापर्यंत पोचतं. जाणता डिझायनर त्या भिंतीला आतून उभं कपाट लावतो. भरलेल्या कपाटातले कपडे, गाद्या, गोधड्या आणि मागे सोडलेली दोन इंचांची पोकळी यांनी भिंतीची धग खोलीत यायला उशीर होतो. जमिनीवर जागा असेल तर बाहेर निंब लावायला सांगतो. नकाशा अजून कागदावर असेल तर न्हाणीघर, जिना, कोठी त्या अंगाला ढकलतो.

इथेच वास्तुशास्त्राची गाठ पडते. घरातल्या कर्त्या जोडप्याची खोली नैर्ऋत्येला हवी, असं बहुतेक कुटुंबं मानतात. खानदेशात नैर्ऋत्य कोपरा म्हणजे संध्याकाळी सगळ्यात तापलेला कोपरा. बाहेरचा डिझायनर यावर वाद घालतो किंवा मुकाट्याने मान डोलावतो. इथला माणूस दोन्ही करत नाही. तो खोली नैर्ऋत्येलाच ठेवतो, पश्चिमेची खिडकी लहान करतो, तिथे कपाट उभं करतो, हवा दक्षिणेच्या खिडकीतून घेतो आणि गच्चीवर त्या खोलीपुरता तरी ब्रिकबॅट कोबा करून वर पांढरी चायना मोझॅक बसवायला लावतो. पैसे कमी असतील तर चुन्यात फेव्हिकॉल मिसळून गच्ची पांढरी करायची. दर मार्चला एक हात. घरच्यांची श्रद्धा राहते आणि झोपही लागते. हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात कुणालाही कमी लेखलेलं नाही.

फॉल्स सीलिंगबद्दल मात्र थोडं कडक बोलायला हवं. छताखाली हवेची पोकळी राहिली तर उष्णता थोडी अडते, हे खरं. पण साडेनऊ फुटांची खोली साडेआठ फुटांवर आणून, त्यात वीस दिवे बसवून, त्याखाली पंखा लावला की तो गरम हवाच खाली ढकलतो. दुसरी चूक कूलरची. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की पाण्याचा कूलर उत्तम चालतो आणि विजेचं बिलही आवाक्यात राहतं. पण कूलरला खिडकीत जागा लागते, पाण्याची सोय लागते आणि समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला वाट लागते. एसी गृहीत धरून सगळं बंद केलेल्या दिवाणखान्यात कूलर कुठे ठेवणार? वीज गेली, एसी बिघडला, की ती सुंदर खोली कुणी वापरत नाही.

आणि माती. खानदेशची काळी कसदार जमीन कपाशीला आणि केळीला मानवते, घराला नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हातभर भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंतींना तिरक्या चिरा जातात. ज्या भिंतीला दरवर्षी चीर पडते तिच्यावर पीओपीची नाजूक नक्षी करणं म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणं. अनुभवी माणूस काम हाती घेण्याआधी घराला किमान एक पावसाळा उलटू द्या म्हणतो; चिरा कुठे पडतात ते दिसू द्या. लाकडाचंही तसंच. मेमध्ये घट्ट बसवलेला ड्रॉवर जुलैत अडकतो, म्हणून फट सोडावी लागते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने काळ्या ग्रॅनाइटवर पांढरे डाग धरतात, म्हणून सिंकजवळ फिकट दगड बरा. पाणी रोज येत नाही, म्हणून टाकीची आणि पिण्याच्या पाण्याच्या माठाची जागा नकाशातच हवी. धूळ तर वाऱ्याबरोबर येतेच. कोरीव जाळ्या आणि खाचा असलेले पल्ले पुसता पुसता घरची बाई दमते, आणि ते पुसणं डिझायनरला करावं लागत नाही.

ओट्याची उंची आणि चिमणी यांच्यापलीकडे खानदेशी स्वयंपाकघराच्या स्वतःच्या मागण्या आहेत. भरीत गॅसवरही भाजता येतं, पण चव हवी तर पऱ्हाटीवर. असोदा-बामणोदच्या बाजूची हिरवी वांगी त्यासाठीच. 2016 मध्ये जळगावच्या भरीत वांग्यांना आणि केळ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. खापरावरच्या पुरणपोळ्या करायच्या तर उपडं खापर मावेल अशी शेगडी लागते आणि हातावर पोळी मोठी करणाऱ्या बाईला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा. उन्हाळ्यात पापड, कुरडया, बिबड्या. पाच-सहा बायका जमिनीवर बसणार, गच्चीवर वाळवण जाणार. चांगला डिझायनर या सगळ्यासाठी मागची ड्राय बाल्कनी राखतो: खाली जमिनीजवळ गॅसचा एक पॉइंट, पाणी जायला जाळी, भिंतीला पुसता येईल अशी टाइल, गच्चीचा जिना जवळ. मॉड्युलर किचनच्या कॅटलॉगमध्ये यातलं काहीच सापडत नाही, कारण तो कॅटलॉग एकट्याने, उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या माणसासाठी छापलेला असतो.

सणांचंही तसंच आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. घराला रंग लागतो, सगळे भाऊबंद एका घरी जमतात, रोटांचा स्वयंपाक होतो, रात्रभर गाणी चालतात. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या रात्री तीस-चाळीस माणसं असतात. जड सोफा भिंतीत पक्का करून ठेवला तर ती बसणार कुठे? म्हणून हलवता येणारी बैठक, गाद्या ठेवायला पेटीचा दिवाण, चौरंग मांडता येईल असा मोकळा कोपरा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि झोका हवा असतो. निंब राहिला नसेल तर बंगई तरी हवी. तिचा हूक स्लॅब ओतताना सळईत अडकवावा लागतो. डिझायनरला बोलावणं येतं ते स्लॅब झाल्यावर, आणि मग छिद्र पाडून फासनर ठोकावे लागतात. घर बांधायच्या आधी आम्हाला बोलवा, अशी विनंती या व्यवसायातली माणसं कळकळीने करतात; या एका हुकातून तिचं कारण कळतं.

या व्यवसायातली कारकीर्द जिल्ह्याच्या गावात कशी घडते? बहुधा पहिलं काम नात्यातलं मिळतं, दुसरं त्या घरी जेवायला आलेल्या पाहुण्याचं. पदविका मुंबई, पुणे किंवा नाशिकची असते; खरं शिक्षण सुतारासोबत होतं. शिकून आलेल्या मुली या कामात अनेक आहेत. सुरुवातीला साइटवर मिस्त्री मालकाकडे बघून उत्तर देतो, तिच्याकडे नाही. तिने एकदा टेप लावून ओट्याची चुकलेली पातळी दाखवली की हळूहळू ‘मॅडम, हे कसं करू?’ असा प्रश्न येऊ लागतो. घरातली बाईही तिला ‘ताई’ म्हणत जे बोलते ते पुरुष डिझायनरशी बोलत नाही: सासूबाईंना रात्री उठावं लागतं, त्यांची खोली न्हाणीघराजवळ हवी, मुलीला अभ्यासाला दार लावता आलं पाहिजे.

पैशाचा विषय नाजूक आहे. अनेक घरांत अजून ‘डिझाइनचे वेगळे पैसे कशाला’ असा सूर असतो. मग फी बुडते आणि ती दुकानदाराच्या कमिशनातून भरून काढायची वाट खुली होते. तिथून सल्ल्याचा खरेपणा संपतो, कारण जास्त कमिशनचा लॅमिनेट आपोआप जास्त चांगला ठरतो. ज्यांनी सुरुवातीपासून फी कागदावर लिहून घेतली आणि सामानाची बिलं थेट ग्राहकाच्या नावावर केली, त्यांना पहिली वर्षं जड गेली तरी कामं मिळत राहिली. नव्याने येणाऱ्यांनी हा रस्ता धरावा, असं इथे आग्रहाने लिहून ठेवायला हवं.

या साऱ्या कामांतला एक भाग वेगाने हातातून निसटतो आहे. जुन्या जळगावात, पारोळ्यात, एरंडोलमध्ये, धुळ्याच्या गल्ल्यांत जुनी घरं उतरवली जात आहेत. वाटण्या होतात, बिल्डर येतो, आणि सागाचे सर, कोरलेल्या चौकटी, पितळी कड्या लाकूडवाल्याकडे वजनावर किंवा घनफुटावर जातात. त्यातलं बरंच लाकूड अनेक दशकं वाळलेलं असतं. ते आता फुगत नाही, वाकत नाही, नव्या बाजारात तसं मिळत नाही. ते वापरायला मेहनत लागते: आधी प्रत्येक खिळा शोधून काढायचा, नाहीतर करवतीचं पातं जातं, किडीने पोखरलेला भाग कापून टाकायचा, मग रंधा. काही डिझायनर घर उतरवायच्या आधीच मालकाकडे जाऊन सरांची मापं घेतात आणि त्याच कुटुंबाच्या नव्या फ्लॅटमध्ये त्यांचं जेवणाचं टेबल, देवघराची चौकट किंवा बंगईची फळी करून देतात. वाटणीत चार भाऊ असतील तर एका सराचे चार तुकडे होतात आणि चार घरांत जातात. अशा कामांची मापं, खर्च आणि त्यांत आलेल्या अडचणी पुढे सविस्तर दिल्या आहेत, कारण घर पाडायची तारीख ठरलेल्या वाचकाला त्या आत्ताच लागणार आहेत.